वन्स मोअर कुणाला द्यायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते त्यांचा परिचय अध्यक्षांनी करून दिलाच आहे. ते नट नव्हते, नाटककार नव्हते. त्यांनी जन्मभर संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. नाटकाच्या जाहिरातीत साथीदारांची नावे शेवटच्या ओळीत, बारीक टायपात येतात. अशा माणसाच्या नावाने व्याख्यान ठेवावे असे या संस्थेला वाटले, याचे मला कौतुक आहे. त्यांचा विषय मी शेवटाकडे पुन्हा काढणार आहे, कारण माझ्या म्हणण्यातला एक धागा थेट त्या ऑर्गनपाशी जातो.

आजचा विषय आहे संगीत रंगभूमी आणि तिचे चाहते. या विषयावर बोलायला उभे राहिले की श्रोत्यांची एक अपेक्षा असते. वक्ता आता उसासा टाकणार, ‘गेले ते दिवस’ म्हणणार आणि दोन पदे गुणगुणून खाली बसणार! मी यातले काहीच करणार नाही. (गुणगुणणार नाही, हे तर तुमच्या भल्याचेच आहे.) मला एकच गोष्ट सांगायची आहे. संगीत नाटक वाढवले ते रसिकांच्या प्रेमाने, आणि अडवले तेही त्याच प्रेमाने. आज जे नवे घडते आहे ते नीट पाहायचे असेल तर हे दुधारी प्रेम आधी समजून घ्यावे लागेल. त्यासाठी तीन टप्पे घेतो: प्रेमाने काय उभे केले, प्रेमाने काय मोडले, आणि आजचा चाहता काय मागतो आहे.

पहिला टप्पा. ३१ ऑक्टोबर १८८०. पुण्याचे आनंदोद्भव नाट्यगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक तिथे रंगले. पारशी मंडळींचे गाण्याचे नाटक पाहून अण्णासाहेबांना ईर्षा झाली, की हे आपल्या भाषेत का होऊ नये? ‘शाकुंतल’मध्ये दोनशेच्या आसपास पदे होती. आज हा आकडा ऐकून छाती दडपते. पण ती पदे म्हणजे दोनशे मैफिली नव्हेत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या घरोघरी माहीत असलेल्या चाली. पद बोलण्यातून सहज उगवायचे, दोन-चार ओळींत आपले काम करायचे आणि पुन्हा बोलण्यात विरून जायचे. १८८२मध्ये ‘सौभद्र’ आले आणि महाराष्ट्राला वेडच लागले. कृष्ण, अर्जुन, सुभद्रा ही सगळी देवादिकांची मंडळी चालीवर घरगुती भांडणे भांडत होती, आणि प्रेक्षकांना ती आपल्याच वाड्यातली वाटत होती.

इथे प्रेम जडले ते नाटकावर. मग ते नटावर गेले. भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजावर लोक जीव टाकू लागले आणि १९०५मध्ये किर्लोस्कर कंपनीत नारायण राजहंस आले. म्हणजे बालगंधर्व. आज ‘फॅन’ म्हणजे काय, हे आपण परदेशाकडून शिकलो असे कुणाला वाटत असेल तर त्याने बालगंधर्वांचा काळ वाचावा. घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याचा काठ, नेसण्याची ढब, अंबाड्यावरचा गजरा पाहून घरी तसे करू लागल्या. एक पुरुष स्टेजवर बाईचे काम करतो आणि बायका त्याच्यावरून बाईपणाची ऐट उचलतात! याच्या पुढचे चाहतेपण कुठे सापडणार?

आणि चाहत्यांचे तट? तेही होते. एकीकडे गंधर्वभक्त, दुसरीकडे ‘ललितकलादर्श’च्या केशवराव भोसल्यांचे भक्त. वाद असा की पंगतीत शेजारी बसलेले दोघे ताटावरून उठायचे. म्हणून ८ जुलै १९२१ हा दिवस मला फार मोलाचा वाटतो. मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन तटांचे चाहते एका छपराखाली. पुढे तीन महिन्यांतच केशवराव गेले. त्यांचे नाव लावलेले कोल्हापूरचे नाट्यगृह, जे शाहू महाराजांनी १९१५मध्ये बांधवले, ते ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या राखेपुढे उभे राहून कोल्हापूरकर रडले. गवंडीकाम पुन्हा करता येते हे त्यांना कळत नव्हते का? कळत होते. पण शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या नटाच्या नावाने आजही डोळे भरून येतात, एवढी ही माया खोल आहे.

आता दुसरा टप्पा. या मायेने काय मोडले?

वन्स मोअर कसा चालायचा ते जरा जवळून बघा. पद संपते. टाळ्या. पिटातून आरोळी येते. नट क्षणभर थांबतो, ऑर्गनवाल्याकडे नजर टाकतो, तबलजी हातोडीने एक ठोका देऊन तबला सुरात घेतो, आणि पद पुन्हा सुरू. दरम्यान समोरच्या पात्राने काय करायचे? नवरा रागाने निघून चाललेला असेल तर त्याने दाराशी एक पाय उचलून थांबायचे. सावकार मरणपंथाला लागलेला असेल तर त्याने मरण पुढे ढकलायचे. पुन्हा टाळ्या, पुन्हा आरोळी. तिसऱ्या खेपेला गायक नव्या जागा घेतो, कारण तीच ती हरकत परत घेणे त्यालाही नको असते आणि श्रोत्यालाही. गाणे उंच उंच जाते. नाटक दाराशी एक पाय उचलून उभेच.

यात दोष कुणाचा? नटाचा? बालगंधर्व प्रेक्षकांना मायबाप म्हणत आणि तसेच वागत. १९११मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, आणि तरीही ते उभे राहिले. मायबापांनी मागितले आणि मी दिले नाही, हे त्यांच्या स्वभावातच नव्हते. मग प्रेक्षकांचा? ‘गंधर्व नाटक मंडळी’ने अहमदजान थिरकवांसारखा तबलानवाझ साथीला ठेवला; भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाने ‘स्वयंवर’ला चाली दिल्या. असे वैभव पुढ्यात असताना एकदा ऐकून गप्प बसा, असे प्रेक्षकांना तरी कोण सांगणार? थोडक्यात, सगळ्यांचे प्रेम खरे होते आणि त्या खऱ्या प्रेमातून रात्रभर चालणारी मैफल तयार झाली. नाटक तिचे निमित्त उरले.

मग १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. पडदा बोलू लागला, गाऊ लागला. आपण म्हणतो, बोलपटाने संगीत नाटक मारले. अर्धे खरे आहे. ज्याला गोष्ट हवी होती त्याला बोलपटात दोन-अडीच तासांत गोष्ट मिळू लागली, कमी पैशांत. गाणे हवे असणाऱ्याला तबकडी मिळाली. नाटकाकडे या दोघांनाही एकत्र बांधून ठेवणारे काही उरले होते का? ते नाटकात उरले असते तर बोलपट एवढा जड गेला नसता. कर्जात बुडालेले बालगंधर्व १९३५मध्ये ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, यापेक्षा मोठा पुरावा कोणता देऊ?

हे ज्यांना आधीच दिसले त्यांनी वेगळी वाट धरली. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले. गाणी मोजकी, प्रसंगाला धरून. साठच्या दशकात हेच काम जितेंद्र अभिषेकीबुवांनी जास्त खोलात केले. १९६४चे ‘मत्स्यगंधा’, १९६६चे ‘ययाति आणि देवयानी’. मंगेशीच्या देवळाच्या परिसरात वाढलेला हा माणूस. देवळातले गाणे, मैफलीतले गाणे आणि रंगमंचावरचे गाणे यांतला फरक त्याच्या कानात बसलेला. त्यांनी पद लहान केले आणि पात्राच्या मनःस्थितीला बांधले. मग १९६७च्या डिसेंबरात दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’. तिथे गाणे हाच भांडणाचा विषय. दोन घराणी, दोन गवई, एक कट्यार. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब गायला लागला की कथा थांबत नाही, ती गाण्यातूनच पुढे सरकते. गाण्यावर जीव टाकणाऱ्याला नाटकही पाहावेच लागते, अशी ती युक्ती होती.

पण पुढे काय झाले? गाणी नाटकातून निघाली ती परत आलीच नाहीत. आकाशवाणीवर, ध्वनिमुद्रिकांवर, गणेशोत्सवाच्या मांडवात, मग दूरदर्शनवर, मग मुलांच्या गाण्याच्या स्पर्धांत. ‘नाट्यसंगीताची मैफल’ हा स्वतंत्र धंदाच झाला. आज दहा वर्षांची मुलगी एखादे नाट्यपद तयारीने गाते, परीक्षक उभे राहून टाळ्या देतात. तिला विचारा, बाळ, हे पद नाटकात कोण म्हणतो? कुणाला म्हणतो? का म्हणतो? ती आईकडे बघते. आई परीक्षकांकडे बघते. परीक्षक घड्याळाकडे. मुलीचा यात काही दोष नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत पद मावले. प्रसंग मावला नाही. आपण चार पिढ्या ती तबकडी ऐकून मोठे झालो.

आणि आता तिसरा टप्पा, म्हणजे आज.

जगात चाललेय काय ते आधी बघू, मग घरी येऊ. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९९६मध्ये ‘रेंट’ नावाचे संगीत नाटक आले. त्याच्या लोकांनी पुढच्या दोन रांगा २० डॉलरला ठेवल्या, त्याही त्याच दिवशी विकायच्या. तिथे महागडे तिकीट मागच्याला आणि स्वस्त तिकीट पुढच्याला! तरुण पोरे त्यासाठी रात्रभर फुटपाथवर झोपली. त्यातले कितीतरी जण तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहत, आणि त्यांना ‘रेंटहेड’ असे नावच पडले. २०१५मध्ये ‘हॅमिल्टन’ आले. त्यांनी रोज सोडत काढली, तिकीट १० डॉलर. का १० डॉलर? कारण ज्याच्यावर हे नाटक आहे त्या हॅमिल्टनचे चित्र अमेरिकेच्या दहाच्या नोटेवर आहे. सोडतीसाठी जमलेल्या गर्दीला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून लेखक लिन-मॅन्युएल मिरांडा आणि त्याचे सोबती थिएटरच्या दारात छोटासा खेळ करत. तिकीट न मिळालेला माणूसही चाहता होऊन घरी जाई.

पण मला यातला सगळ्यात मोठा धडा वेगळाच वाटतो. ‘हॅमिल्टन’ जवळजवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत गायले जाते. त्याचा अल्बम ऐकला की ४६ गाण्यांत नाटक अथपासून इतिपर्यंत कानात उतरते. एक छोटा प्रवेश तेवढा मुद्दाम बाहेर ठेवला आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या पोरांना तिकीट परवडत नाही, विमान परवडत नाही, पण गोष्ट पाठ आहे. आता आपली तबकडी आठवा. आमच्याकडे गाणे घरी पोचले आणि नाटक पोचले नाही. त्यांच्याकडे गाण्याच्या पाठीवर बसून अख्खे नाटक घरी गेले. चाहतेपण तेच, तंत्रही साधारण तेच. फरक एवढाच, की घरी काय पाठवायचे हे कुणी ठरवले.

मुंबईतही हे वारे आले आहे. २०२३मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अंबानींचे सांस्कृतिक केंद्र उघडले. दोन हजार आसनांचे तिथले मोठे थिएटर. ‘साउंड ऑफ म्युझिक’ आले, २०२५मध्ये ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ही आले. मराठी घरांतली मुले ती बघून येतात आणि विचारतात, आपल्याकडे असे का नाही? आपण म्हणतो, आपल्याकडे १८८०पासून आहे. मूल विचारते, कुठे बघायला मिळेल? इथे आपण गप्प होतो.

चाहत्यांचा अतिरेकही सगळीकडे सारखाच, बरं का. २०२४मध्ये ‘विकेड’ सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांत लोक मोठ्याने गाऊ लागले. शेजारचे वैतागले. भांडणे झाली. शेवटी गाणाऱ्यांसाठी वेगळे खेळ लावले. म्हणजे आमच्या पिटातली आरोळी सातासमुद्रापार गेली म्हणा ना!

आता गोव्यात या. कोकणी तियात्राचे काय? १८९२मध्ये मुंबईत पहिले तियात्र झाले, आणि आज गोव्यात ते तिकिटावर, सरकारी टेकूशिवायही गर्दी खेचते. गंमत अशी की तियात्रातली कांतारां, म्हणजे गाणी, कथेशी बांधलेली नसतातच. पडदा पडतो, गाणारा पडद्यापुढे येतो, खाण, जमीन, मंत्री, महागाई यांवर गातो, आणि पुढचा प्रवेश सुरू होतो. मग गाणे कथेपासून तुटले की नाटक मरते, हे माझे म्हणणे खोटे ठरले का? मी यावर पुष्कळ विचार केला. तिथे गाणे कथेशी बांधलेले नसले तरी आजच्या दिवसाशी बांधलेले असते. गेल्या महिन्याचे कांतार या महिन्यात शिळे. ते ऐकायचे तर तियात्राला यावेच लागते. आमचे पद मात्र कथेपासूनही सुटले आणि काळापासूनही.

आणि महाराष्ट्रात? २०१७च्या डिसेंबरात ‘संगीत देवबाभळी’ आले. प्राजक्त देशमुखांचे लेखन-दिग्दर्शन, आनंद ओक यांचे संगीत. रंगमंचावर दोन बायका. तुकोबांना शोधत भंडाऱ्याच्या डोंगराकडे निघालेल्या त्यांच्या बायकोच्या, आवलीच्या पायात काटा रुततो. विठ्ठल तो काढतो, आणि गरोदर आवलीच्या सेवेला रखुमाईला धाडतो. रखुमाई रुसून आली आहे. आवलीला ठाऊक नाही ही बाई कोण. ती तिच्यासमोर विठ्ठलाला शिव्या घालते! आता यातले गाणे बाहेर काढून दाखवा. अभंग तुम्हाला लहानपणापासून येतो, पण इथे तो नवऱ्याने वाऱ्यावर सोडलेल्या एका बाईच्या तोंडून आणि नवऱ्यावर रुसलेल्या दुसऱ्या बाईच्या कानावर पडतो, म्हणून तो नव्याने ऐकू येतो. या नाटकाला तरुण पोरे आली. दुसऱ्यांदा आली. आईला घेऊन तिसऱ्यांदा आली. पुढे याच नाटकासाठी लेखकाला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. मंडळी, हे तरुण गाणे मागत नव्हते, नाटक मागत होते. दीडशे वर्षांच्या वाटचालीत चाहत्याची मागणी बदलली, आणि ही बातमी आपण पुरेशी ऐकलेली नाही.

सिनेमानेही हात दिला. २०१५ची ‘कट्यार’ आणि २०२५चे ‘संगीत मानापमान’ बघून पुष्कळांना मूळ नाटकांची नावे कळली. चांगलेच झाले. पण सिनेमा बघून नाटकाला निघालेल्या माणसाला गावात नाटकच नसेल, तर तो पुन्हा सिनेमालाच जाणार. गोव्यात जत्रेच्या रात्री गावकरी मंडळी अजून तोंडाला रंग लावून संगीत नाटक उभे करतात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी रात्र रात्र तालमी करतात. ही जिवंत मुळे आहेत. व्यावसायिक नाटकवाल्यांनी तिथे जाऊन बघायला हवे.

आता त्या ऑर्गनपाशी येतो. आज बऱ्याच प्रयोगांत ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथीवर गातात. खर्च वाचतो, दौऱ्याच्या गाडीत तीन माणसे कमी होतात. निर्मात्याची अडचण मला समजते. पण ट्रॅकला श्रोता दिसत नाही. नटीचा श्वास आज आखूड आहे, हे ट्रॅकला कळत नाही. सभागृह स्तब्ध झाले आहे, अजून एक मात्रा थांबावे, हेही कळत नाही. वन्स मोअरची खोड मोडायला ट्रॅक उत्तम, असे कुणी म्हणेल. अहो, खोड मोडताना कानच कापला की! ज्या कलेत श्रोत्याच्या ‘वा’ने गाण्याची पुढची जागा ठरायची, तिथे श्रोता असला-नसला सारखाच झाला, तर तो घरीच का बसणार नाही? साथीदार हा नट आणि रसिक यांच्यामधला माणूस. तो गेला की हे दोघे एकमेकांना दिसेनासे होतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, नाट्यसंस्थांकडे: पुढच्या दोन रांगा विद्यार्थ्यांना ठेवा, चहाच्या पैशांत. ती मुले उद्या पूर्ण तिकीट काढतील, आणि नाही काढली तरी कुणाला तरी घेऊन येतील. दुसरी, सरकारकडे आणि देणगीदारांकडे: पुरस्कार पुष्कळ झाले. ऑर्गन, तबला, सारंगी वाजवणाऱ्या मुलांना नाटकाच्या साथीचे शिक्षण आणि प्रयोगाचे मानधन द्या. एका सत्काराच्या खर्चात एका मुलाची दोन-तीन वर्षे निघतात.

तिसरी मागणी तुमच्याकडे, कारण इथे ज्यांच्या हातात सगळ्यात जास्त आहे ते तुम्ही आहात. नाटकाला जाल तेव्हा गाण्याला टाळी द्या, मनापासून द्या. पण वन्स मोअर मात्र गाण्याला देऊ नका. दाराशी पाय उचलून उभ्या असलेल्या त्या बिचाऱ्याला जाऊ द्या, गोष्ट पुढे सरकू द्या. वन्स मोअर द्यायचाच असेल तर नाटकाला द्या, आणि तो तिकीटखिडकीवर द्या: पुढच्या प्रयोगाचे तिकीट काढून, आणि जमले तर घरातल्या एखाद्या पोराचेही.